रांगेचं शेपूट

वाहतुकीचं सिम्युलेशन दाखवायला घेतलं की बैठकीतले सगळे पडद्यावरच्या नव्या उड्डाणपुलाकडे बघतात. मी मात्र आधी मॉडेलची कड बघतो, म्हणजे जिथे आम्ही आखलेले रस्ते संपतात ती जागा. तिथे रांग टेकलेली दिसली की पुढच्या आकड्यांवर माझा विश्वास बसत नाही.

या कामात प्रत्येक वाहन स्वतंत्र चालवावं लागतं: पुढच्या गाडीपासून किती अंतर ठेवायचं, ब्रेक कधी लावायचा, लेन कधी सोडायची. व्हिसिम या जर्मन सॉफ्टवेअरच्या मुळाशी कार्ल्सरूहच्या राइनर वीडेमान यांनी १९७४ साली मांडलेलं प्रारूप आहे. ते एकामागे एक चालणाऱ्या गाड्यांचं आहे. आपल्याकडचा चौक तसा चालत नाही. लाल दिवा लागला की आधी कार, रिक्षा, बस थांबतात. मग त्यांच्यामधल्या फटींतून दुचाक्या झिरपत पुढे येतात आणि झेब्रा पट्टे भरून टाकतात. हिरवा व्हायच्या आत पुढचे दोघे-चौघे निघालेले असतात, आणि हिरव्याची पहिली काही सेकंदं जवळजवळ पूर्ण त्यांचीच असतात. सॉफ्टवेअर मूळ सेटिंगवर सोडलं तर याच दुचाक्या कारसारख्या एकामागे एक शिस्तीत उभ्या राहतात आणि रांग भलतीच लांबते. म्हणून एकाच लेनमध्ये डावीउजवीकडून पुढे जायची मुभा द्यावी लागते. बाजूला किती जागा सुटते हे चित्रीकरण थांबवत थांबवत मोजावं लागतं. हे काम कंटाळवाणं आहे, पण सगळ्यात महत्त्वाचंही हेच.

त्यानंतर वाहनगणनेशी ताळा. मोजलेल्या आणि मॉडेलमधल्या वाहनसंख्येतला फरक दाखवणारा जीईएच नावाचा निकष ८५ टक्के ठिकाणी ५ च्या आत आला की मॉडेल जुळलं असं मानायची पद्धत आहे. मला तेवढं पुरत नाही. तुंबलेल्या चौकात थांबरेषेवर मोजणी केली तर जेवढी वाहनं सुटली तेवढीच मोजली जातात. मागे अडकलेली मोजणीत येतच नाहीत. रस्त्याची खरी मागणी कळायची तर संध्याकाळच्या गर्दीत रांगेच्या शेपटापर्यंत चालत जावं लागतं. पुण्यात ते शेपूट बहुतेक वेळा आधीच्या चौकात घुसलेलं सापडतं.

मॉडेल लहान आखलं तर नेमकं हेच लपतं. रांग कडेला पोचली की मागची वाहनं आत येऊच शकत नाहीत, आणि सरासरी विलंब आत आलेल्यांचाच निघतो. मग वाईट पर्यायही चांगला दिसू लागतो. पुलाचंही तसंच: एक चौक मोकळा होतो आणि तीच वाहनं पुढच्या सिग्नलवर लवकर जाऊन थडकतात. पुढचा सिग्नल मॉडेलमध्ये नसेल तर पूल यशस्वी ठरतो! पडद्यावरचा पूल क्षणात पुसता येतो, रस्त्यावरचा नाही. मेट्रो आणि नव्या दुमजली पुलासाठी पुणे विद्यापीठ चौकातले पूल २०२० साली पाडावे लागले, ते शहराने पाहिलं आहे.

म्हणून मागचेपुढचे चौक धरूनच मी मॉडेल आखतो. बाहेर अडकलेल्या वाहनांचा आकडा अहवालात सरासरी विलंबाच्या शेजारीच छापायला लावतो. आणि पुलाच्या पर्यायासोबत आणखी एक पर्याय तपासतोच: लगतच्या सिग्नलांच्या वेळा एकमेकांशी जुळवायच्या आणि चौकाच्या तोंडाशी असलेला बसथांबा थोडा पुढे सरकवायचा. हा पर्याय रस्त्यावर महिनाभर करून बघता येतो.