पहिलं गाणं कोणतं?

मुलांनो, तुमच्या घरी भांडणं कशावरून होतात? खिडकीजवळची जागा, टीव्हीचा रिमोट, ताटातली मोठी करंजी? आमच्या घरी गेली पंधरा वर्षं एकच वाद चालू आहे. दिवाळीला सगळे जमलो, की फराळाच्या डब्यांबरोबर तोही बाहेर निघतो. वाद असा : 'यू टू'च्या अल्बममधलं सगळ्यांत उत्तम पहिलं गाणं कोणतं?

तुम्ही म्हणाल, बाई, हे 'यू टू' म्हणजे काय? सांगते. आयर्लंड देशाची राजधानी डब्लिन. तिथल्या एका शाळेत १९७६ साली चौदा वर्षांच्या लॅरी मलननं सूचनाफलकावर चिठ्ठी लावली. तो ड्रम वाजवायचा आणि त्याला बँड काढायला सोबती हवे होते. काही मुलं त्याच्या घरी स्वयंपाकघरात जमली. त्यांतल्या चौघांचा पुढे जगप्रसिद्ध रॉक बँड झाला. बोनो गातो, एज गिटार वाजवतो, अ‍ॅडम क्लेटन बेस गिटार आणि लॅरी ड्रम. हे चौघं चाळीस वर्षांहून जास्त काळ एकत्र राहिले. १५ डिसेंबर २०१९ ला ते आपल्या नवी मुंबईतही येऊन वाजवून गेले.

अल्बम म्हणजे गाण्यांचा संच. कॅसेटच्या काळात गाणी ठरलेल्या क्रमानंच ऐकावी लागत, त्यामुळे पहिल्या गाण्याला फार मान. निबंधाच्या पहिल्या वाक्यासारखाच! ते चांगलं असलं की तपासणारा खुर्चीत सावरून बसतो.

आमच्या वादाचे नियम दोनच आहेत. एक, 'मला आवडतं म्हणून' हे कारण चालणार नाही. दोन, दुसऱ्याचं गाणं मध्ये न बोलता शेवटपर्यंत ऐकायचं.

माझं मत 'व्हेअर द स्ट्रीट्स हॅव नो नेम' या गाण्याला. १९८७ सालच्या 'द जोशुआ ट्री' अल्बमची सुरुवात त्यानं होते. आधी अगदी दुरून, ऑर्गनसारखे लांब सूर येतात. मग गिटार हळूच पुढे सरकते. आपल्या दादऱ्यासारखी तीन-तीनची मोजणी चाललेली असते. बघता बघता ती केरव्यासारखी चारची होते आणि ड्रम सुरू होतात. बोनो गायला लागतो तेव्हा जवळजवळ पावणेदोन मिनिटं होऊन गेलेली असतात! पहाट कशी एकदम होत नाही, तसंच. हे गाणं जमवताना सगळे इतके मेटाकुटीला आले, की ब्रायन ईनो या निर्मात्यानं टेप पुसून टाकायचंच ठरवलं होतं. स्टुडिओतल्या एकानं त्याला अडवलं. पुढे अल्बमचा क्रम लावायचं काम गायिका कर्स्टी मॅकॉलकडे आलं. पहिलं आणि शेवटचं गाणं कोणतं हे बँडनं आधीच सांगितलं होतं, मधली तिनं आपल्या मनानं लावली. पहिलं अर्थात हेच. आणखी काय पुरावा हवा?

पण माझी भावजय ऐकत नाही. तिचं म्हणणं, सुरुवातीनं दचकवलं पाहिजे. तिचं गाणं १९९१ सालच्या 'अख्तुंग बेबी' अल्बममधलं 'झू स्टेशन'. बर्लिनची भिंत १९८९ मध्ये खुली झाली आणि पुढच्याच वर्षी हे चौघं त्या शहरात ध्वनिमुद्रणाला गेले. गाण्याचं नाव तिथल्या प्राणिसंग्रहालयाजवळच्या स्टेशनवरून घेतलंय. गिटार खरखरते, बोनोचा आवाज फाटल्यासारखा येतो. ऐकणाऱ्याला वाटावं, आपलं यंत्र बिघडलं की काय! भावजय म्हणते, ''नाव मिळाल्यावरसुद्धा स्वतःला मोडून पुन्हा सुरुवात करणं, याला हिंमत लागते.'' गंमत म्हणजे त्या स्टेशनवरून आज जी भुयारी रेल्वे जाते, तिच्या एका मार्गाचं नावही 'यू टू'च आहे.

बाबांना इंग्रजी शब्द फारसे कळत नाहीत. पण तरुणपणी ते गावच्या लेझीम पथकात हलगी वाजवायचे. त्यांची निवड १९८३ सालच्या 'वॉर' अल्बममधली, 'संडे ब्लडी संडे'. सुरुवातीला नुसते ड्रम, लष्करी कवायतीसारखे. आवाज घुमावा म्हणून ते स्टुडिओच्या जिन्यात वाजवून घेतले होते. ३० जानेवारी १९७२ ला उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात मोर्चावर ब्रिटिश सैनिकांनी गोळीबार केला. तेरा माणसं त्याच दिवशी गेली. त्या रविवारची आठवण या गाण्यात आहे, पण सूड घ्या असं ते म्हणत नाही. हे थांबवा म्हणतं. मी अर्थ सांगितला तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, ''ते ठेक्यातच कळलं होतं गं.''

राहिला माझा धाकटा भाऊ. त्याचं गाणं बँडच्या अगदी पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं : १९८० सालच्या 'बॉय'मधलं 'आय विल फॉलो'. त्याचं कारणही दरवर्षी ठरलेलं. या गाण्यात सायकलचं चाक फिरवून त्याच्या तारांवर सुरी लावून आवाज काढलाय! बाटल्याही फोडल्यात! ''घरातल्या वस्तू घेऊन सुरुवात केली बघ,'' असं तो म्हणायचा आणि आम्ही हसून पुढे जायचो.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत मी त्याला अडवलं. ''सायकलचं ऐकलं रे. दुसरं कारण सांग.''

तो बराच वेळ चकलीचे तुकडे करत बसला. मग म्हणाला, ''ताई, बोनोची आई गेली तेव्हा तो चौदा वर्षांचा होता. हे गाणं त्यावरचं आहे.''

कोणी काही बोललं नाही. आमची आई गेली तेव्हा भाऊ नववीत होता. चौदा वर्षांचा. तेव्हापासून तिच्याबद्दल तो आमच्याशी कधी बोललाच नव्हता. विषय निघाला, की उठून सायकलला हवा भरायला जायचा. बाबांनी फक्त म्हटलं, ''परत लाव.'' नियमाप्रमाणे आम्ही ते शेवटपर्यंत ऐकलं. नंतर रात्री उशिरापर्यंत आईच्याच गोष्टी चालल्या होत्या. आणि सगळ्यांत जास्त तोच बोलत होता.

वादाचा निकाल? तो अजून लागलेला नाही. माझं मत अजूनही 'स्ट्रीट्स'लाच आहे, आणि पुढच्या दिवाळीला मी तेच मांडणार. पण आता माझं गाणं जिंकलं नाही तरी चालेल. कोणाला काय आवडतं हे पटकन कळतं. का आवडतं, ते कळायला मात्र वेळ लागतो. माझ्या भावाचं उत्तर यायला तेरा दिवाळ्या लागल्या.

मुलांनो, येत्या रविवारी घरात असा एक वाद काढा. गाणं नको असेल तर गोष्टीची पुस्तकं घ्या, क्रिकेटचे सामने घ्या, आजीच्या हातचे पदार्थ घ्या. पालकांनो, तुम्हीही बसा. आणि आपण मोठे आहोत म्हणून निकाल देऊ नका. दुसऱ्याची निवड पुरती ऐकून घ्या. मग विचारा, ''तुला हेच का?''

आणि उत्तर येईपर्यंत थांबा बरं का.