चाकोरीबाहेरचा पहिला खर्च

बोनस आला, लोन पास झालं, फोर बाय फोर दारात आली. आता लाखमोलाचा प्रश्न : गाडीला आधी काय लावायचं? आपल्यातल्या बहुतेकांचं उत्तर तयार असतं. टपावर लाइटबार, खाली लिफ्ट किट आणि चार राक्षसी टायर. फोटोत जाम सही दिसतं! पण ही यादी सोसायटीच्या पार्किंगमध्ये सुचलेली असते. चिखलात उतरलेल्या गाडीची यादी वेगळी निघते आणि ती शिकायला पुणे-मुळशी-ताम्हिणी-दिवेआगर यासारखा दुसरा रूट नाही. सुमारे १६० किलोमीटरमध्ये लाल माती, ओढा, धुक्यातला घाट, जांभा आणि वाळू, सगळा सिलॅबस कव्हर होतो.

गेल्या पावसाळ्यात मी हा रूट एका आयटीवाल्या मित्राच्या कोऱ्या थारमधून केला. त्याच्याकडे बजेट दीड लाखाचं. ते कशावर उडवायचं, हे परत येईपर्यंत ठरवायचं होतं. सोबत आणखी दोन गाड्या. त्यातली एक जुनी जिप्सी आणि तिचे मालक, ज्यांना अख्खा ग्रुप ‘काका’ म्हणतो.

मुळशी : हवेची किंमत

चांदणी चौक, पिरंगुट, पौड मागे पडलं की मुळशीचं पाणी दिसायला लागतं. त्याच्या अलीकडे-पलीकडे गावांच्या गाडीवाटा फुटतात. काकांचा पहिला नियम म्हणजे आधी जवळच्या घरात जाऊन विचारायचं. वाट कुणाच्या तरी जमिनीतून जाते आणि शेजारी भात लावलेला असतो. परवानगी मिळाली, आम्ही उतरलो आणि शंभर मीटरवर थारची चाकं जागच्या जागी फिरायला लागली. टायरच्या खाचा लाल चिखलाने लिंपून गुळगुळीत झाल्या होत्या.

बिचाऱ्या गाडीत काही कमी नव्हतं. २०२० मध्ये आलेल्या या थारचा ग्राउंड क्लिअरन्स २२६ मिलिमीटर आहे आणि कंपनीच्या आकड्यानुसार ती ६५० मिलिमीटर पाण्यातून जाते. काकांनी खिशातून प्रेशर गेज काढलं आणि चारही टायरांची हवा ३२ वरून २० पीएसआयवर आणली. ‘अरे, चिखलात अनवाणी चालताना बोटं पसरतोस ना, तसंच आहे हे,’ ते म्हणाले. हवा कमी झाली की टायर जमिनीवर लांब पसरतो, वजन वाटलं जातं आणि पकड येते. गाडी शांतपणे बाहेर आली.

मात्र हे दोन्ही बाजूंनी सांभाळायचं प्रकरण आहे. हवा फारच उतरवली तर वळताना टायर रिमवरून सुटू शकतो. आणि तशाच टायरवर डांबरी रस्त्याला लागलात तर टायर तापतो, गाडी झोलते. म्हणून गेजसोबत पोर्टेबल कॉम्प्रेसर मस्ट. मोठ्या टायरसाठी थेट बॅटरीला चिमटे लावायचा घ्या. डॅशबोर्डच्या सॉकेटचा फ्यूज तेवढा करंट झेपवेलच असं नाही.

ओढा : बाहेर पडायची सोय

तिसरी गाडी ओढ्याच्या काठावर पोटावर बसली. मालकाने उत्साहात दोर काढला आणि आमच्या गाडीमागच्या टो-बॉलला, म्हणजे ट्रेलर ओढायच्या गोळ्याला, अडकवायला घेतला. आणि मी काकांना पहिल्यांदा ओरडताना पाहिलं.

कारण तसंच होतं. तो गोळा ट्रेलर ओढायला बनवलेला असतो. रुतलेली गाडी हिसक्याने खेचायला तो नसतो. ताणलेल्या दोरात प्रचंड ताकद साठते आणि गोळा तुटला तर तो तोफेच्या गोळ्यासारखा सुटतो. असे मृत्यू झालेले आहेत. आमचा तमाशा बघायला वाडीतली सात-आठ पोरं जमली होती. काकांनी आधी त्यांना बांधापलीकडे पाठवलं. दोराच्या लांबीच्या दीडपट अंतरात कुणीही उभं राहायचं नाही, म्हणजे नऊ मीटरच्या दोराला साधारण चौदा मीटर.

मग फावड्याने चाकांपुढचा गाळ काढला. अर्धं काम तिथेच झालं. चेसिसला पक्के बसवलेले रिकव्हरी पॉइंट, वजनक्षमता कोरलेला शॅकल आणि नायलॉनचा कायनेटिक दोर वापरला. हा दोर रबरासारखा ताणून हळूहळू ओढतो, हिसका कमी बसतो. दोराच्या मध्यावर भिजलेलं पोतं टाकलं, म्हणजे चुकून तुटलाच तर उसळणार नाही. पाच मिनिटांत गाडी वर! तुमच्या गाडीचे रिकव्हरी पॉइंट कुठे आहेत, हे मॅन्युअल उघडून आजच बघा. ट्रान्सपोर्टच्या वेळी गाडी बांधायला दिलेली कडी वेगळी असते.

ताम्हिणी : टायरचा फंडा

घाटात वाफाळता चहा, मक्याचं कणीस आणि दहा फुटांवरचं दिसत नाही असं धुकं. इथे गाडी जंगलात घालायची नाही. ताम्हिणीचं अभयारण्य आहे. इथे कळतो तो टायरचा फंडा. मोठ्या गड्ड्यांचे मड टेरेन टायर चिखलात हिरो असतात. ओल्या डांबरावर मात्र ब्रेक लागायला जास्त अंतर घेतात आणि हायवेला कानाशी गुणगुणत राहतात. आपला वीकेण्ड बघा, चिखलापर्यंत पोचायलाच शंभरेक किलोमीटर डांबर. त्यामुळे पहिला सेट ऑल टेरेनचा. कंपनीने तेच दिलेत का, ते टायरच्या कडेवर वाचा. दिले असतील तर झिजेपर्यंत तेच वापरा.

आणि साइझ? टायरचा व्यास एक इंच वाढला तर क्लिअरन्स वाढतो फक्त अर्धा इंच. बदल्यात पिकअप आणि मायलेज घटतं, स्पीडोमीटर खरा वेग सांगत नाही.

म्हसळ्याच्या पुढे : पोटाची काळजी

माणगाव, म्हसळा करत समुद्राकडे निघालं की जांभा सुरू होतो. पावसात त्याच्यावर शेवाळ, खाली धारदार कडा. एका ठिकाणी चाक घसरलं आणि दाराखालची पट्टी खर्रकन घासली. इथे उपयोगी पडतात ते दारांखालचे रॉक स्लायडर आणि इंजिनखालची स्किड प्लेट. पण हे पहिल्या दिवशी घ्यायची घाई नको. दोन-तीन ट्रिपनंतर गाडीखाली वाकून बघा. ओरखडे जिथे असतील, तिथे पत्रा लावा. गाडी स्वतःच सांगते.

दिवेआगर : काय लावायचं नाही

रात्री होमस्टेत उकडीच्या मोदकांवर तूप ओतत हिशेब मांडला. मित्राच्या यादीतलं लिफ्ट किट पहिलं गेलं. गाडी उंच झाली की तोल वर जातो आणि तिरक्या वाटेवर कलंडायची शक्यता वाढते. बुलबारवर कारवाई करा, असं केंद्राने राज्यांना डिसेंबर २०१७ मध्येच कळवलं. शिवाय मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसा बदल करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०१९ मध्ये स्पष्ट केलं. न कळवता केलेल्या बदलांवरून इन्शुरन्सचा क्लेम अडकला, तर बोनस तिथेच गेला समजा.

आणि हो, समोर बीच दिसतोय म्हणून गाडी घालू नका. भरती कुणासाठी थांबत नाही, खारं पाणी चेसिस खातं, आणि नोव्हेंबर ते मार्चमध्ये वेळास, आंजर्लेसारख्या किनाऱ्यांवर ऑलिव्ह रिडले कासवं याच वाळूत अंडी घालतात. वाळूवर चप्पल काढून चाला, तीच मजा.

पहिली खरेदी, याच क्रमाने

• एक दिवसाचं ऑफरोड ड्रायव्हिंग ट्रेनिंग
• प्रेशर गेज आणि कॉम्प्रेसर
• कायनेटिक दोर, दोन शॅकल, हातमोजे, फावडं
• गरज असेल तर ऑल टेरेन टायर
• ओरखडे दिसल्यावर स्किड प्लेट, स्लायडर
• विंच सगळ्यात शेवटी. आणि एकट्याने जायचं नाही. दुसरी गाडी हीच तुमची सर्वात भरवशाची विंच.

मित्राने पहिल्या तीन ओळींवर शिक्कामोर्तब केलं. दीड लाखातले बरेचसे पैसे उरले. ते डिझेलला.