एकटा भिडू आणि अनोळखी तुकडी : हिमालयातील सामूहिक पदभ्रमणाचा विचार

पावसाळा सरला की नेपाळच्या खुंबू खोऱ्यातील आकाश निवळते, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या त्या मोजक्या आठवड्यांत लुक्ल्याच्या छोट्या विमानतळावर उतरून एव्हरेस्टच्या पायथ्याकडे चालत निघणाऱ्यांची रीघ लागते. दिवाळीची सुट्टी बहुधा याच काळात येत असल्यामुळे या रिघेत मुंबई, पुणे, नाशिक, कोल्हापूरकडची माणसेही मोठ्या संख्येने असतात, आणि त्यांच्यापैकी कित्येकजण एकटे आलेले असतात. कोणाच्या मित्रांना रजा मिळालेली नसते, कोणाच्या घरात डोंगराची आवड दुसऱ्या कोणालाच नसते, तर कोणाला ओळखीच्या वर्तुळाबाहेरच जायचे असते. असा प्रवासी एखाद्या आयोजकाच्या तयार तुकडीत नाव नोंदवतो आणि काठमांडूत पहिल्यांदाच भेटलेल्या दहा-बारा माणसांसह, गाईडच्या मागोमाग, पाच हजार मीटरांपलीकडे जातो. त्याच्या आणि त्याच्या घरच्यांच्या मनात तुकडी म्हणजे सुरक्षितता हे समीकरण पक्के असते. हे समीकरण कितपत खरे आहे, आणि ते खरे ठरावे यासाठी तुकडीत काय घडावे लागते, याचा विचार येथे करावयाचा आहे.

आजच्या सामूहिक ट्रेकचा साचा १९६० च्या दशकात घडला. ब्रिटिश सेनादलातील गुरखा पलटणींत सेवा केलेले आणि नंतर काठमांडूत लष्करी प्रतिनिधी म्हणून राहिलेले जिमी रॉबर्ट्स यांनी १९६४ मध्ये ‘माउंटन ट्रॅव्हल’ ही संस्था स्थापन केली, आणि पुढच्याच वर्षी तीन अमेरिकन महिलांची पहिली तुकडी त्यांनी डोंगरात नेली. गिर्यारोहण मोहिमांची व्यवस्था रॉबर्ट्स यांना पूर्ण परिचयाची होती. माणसे आणि सामान यांची जबाबदारी असलेला सरदार, स्वयंपाकी, ओझे वाहणारे भरिया, दिवसाचे ठरलेले टप्पे आणि मुक्कामाचे तंबू ही सारी रचना त्यांनी सामान्य प्रवाशासाठी उपलब्ध करून दिली, त्यामुळे ज्याला ना दोर बांधता येतो ना वाट ठाऊक आहे, अशा माणसालाही हिमालयाच्या अंतर्भागात जाता येऊ लागले. मात्र या रूपांतरात एक गोष्ट मागे राहिली. मोहिमेतील गिर्यारोहकांची निवड बहुधा एकमेकांच्या माहितीतून होत असे आणि त्यांतील पुष्कळजण पूर्वी एकत्र चढलेले असत, तर पैसे भरून जमलेल्या तुकडीत रचना मोहिमेची असली तरी पूर्वपरिचय नसतो. एकट्या प्रवाशाच्या बाबतीत ही उणीव सर्वांत ठळकपणे जाणवते, कारण तुकडीतील जोडप्यांना किंवा मित्रांना निदान एकमेकांची तरी माहिती असते, त्याच्याविषयी मात्र कोणालाच काही ठाऊक नसते.

ही उणीव केवळ सामाजिक संकोचापुरती राहत नाही, याचे कारण उंचीवरील हवेच्या गुणधर्मात आहे. हवेतील प्राणवायूचे प्रमाण समुद्रकिनाऱ्यावर आणि शिखरावर सारखेच, म्हणजे सुमारे २१ टक्के असते. परंतु वर जावे तसा हवेचा एकूण दाब कमी होत जातो आणि सुमारे ५,५०० मीटर उंचीवर तो समुद्रसपाटीच्या जवळपास निम्मा उरतो, त्यामुळे प्रत्येक श्वासाबरोबर फुप्फुसांत पोहोचणारा प्राणवायूही त्याच मानाने घटतो. श्वसनाची गती आणि खोली वाढवून, रक्तातील आम्ल-अल्कलीचा तोल बदलून आणि कालांतराने तांबड्या पेशींची संख्या वाढवून शरीर या घटीशी जुळवून घेते, पण या प्रक्रियेला दिवस लागतात आणि तिचा वेग माणसागणिक वेगळा असतो. म्हणूनच ३,००० मीटरांच्या वर गेल्यावर मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरांहून अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस त्याच उंचीवर थांबावे, असा नियम पर्वतीय वैद्यकाने घालून दिला आहे.

एव्हरेस्टच्या वाटेवरील टप्पे या नियमाच्या आधारे पाहिले, तर त्यांतील अडचण लक्षात येते. लुक्ला सुमारे २,८५० मीटरांवर आहे. तेथून थोडे उतरून फाकदिंगचा मुक्काम होतो आणि दुसऱ्या दिवशी एकाच दमात ८०० मीटरांहून अधिक चढून ३,४४० मीटरांवरील नामचे बाजार गाठला जातो. ही मोठी उडी पचावी म्हणून नामचेला दोन रात्री काढण्याचा प्रघात आहे, आणि मधल्या दिवशी ३,८०० मीटरांच्या आसपास चढून पुन्हा खाली झोपायला येतात. पुढे तेंगबोचे ३,८६० आणि दिंगबोचे ४,४१० मीटरांवर असल्यामुळे दिंगबोचेलाही असाच एक दिवस थांबतात, मग लोबुचे आणि गोरखशेप करून ५,३६४ मीटरांवरील बेस कॅम्पला पोहोचतात. टप्पे असे नेमके आखलेले असले तरी ते सरासरी माणसासाठी असतात, आणि ज्याचे शरीर सरासरीपेक्षा सावकाश जुळवून घेते त्याला वेळापत्रकात एखादा जादा दिवस लागतोच. सह्याद्रीत वर्षानुवर्षे गड-घाट पालथे घातलेल्या भटक्याला ही गोष्ट पटवून द्यावी लागते. महाराष्ट्रातील सर्वोच्च शिखर कळसूबाई १,६४६ मीटर उंच आहे, आणि त्या उंचीवर कमावलेली ताकद पायांना व श्वासाला उपयोगी पडली तरी विरळ हवेच्या आजारापासून संरक्षण देत नाही. उलट, दमदार माणूस झपाट्याने वर जातो आणि म्हणूनच काही वेळा आधी आजारी पडतो.

या आजाराचे सौम्य रूप डोकेदुखी, मळमळ, थकवा आणि चक्कर अशा लक्षणांनी ओळखले जाते. लेक लुईस गुणांकन या नावाने जगभर वापरल्या जाणाऱ्या आणि २०१८ मध्ये सुधारलेल्या पद्धतीत यांतील प्रत्येक लक्षणाला शून्य ते तीन गुण देतात, आणि डोकेदुखी असताना एकूण बेरीज तीन किंवा अधिक झाली की आजार धरला जातो. येथे ध्यानात घेण्यासारखी बाब अशी, की ही चारही लक्षणे रुग्णाने स्वतः सांगायची असतात, आणि बोटाला लावून रक्तातील प्राणवायू मोजणारे ऑक्सिमीटरचे यंत्र त्यांची जागा घेऊ शकत नाही. गंभीर रूपांत मात्र हे सांगणेही रुग्णाच्या हाती राहत नाही. मेंदूला सूज आली की तोल जातो, बोलणे विस्कळीत होते, माणूस चिडचिडा किंवा सुस्त होतो आणि आपल्याला काही झाले आहे हेच त्याला उमगेनासे होते. फुप्फुसांत पाणी साचू लागले की तो आधी मागे पडू लागतो, मग कोरडा खोकला येतो आणि शेवटी बसल्या जागीही धाप लागते. हे बदल ओळखायचे तर तो माणूस एरवी कसा बोलतो, किती जेवतो, कोणत्या वेगाने चालतो हे कोणाला तरी माहीत असावे लागते. बायकोला नवऱ्याच्या किंवा जुन्या मित्राला मित्राच्या आवाजातील फरक पहिल्याच वाक्यात कळतो. पण चार दिवसांपूर्वी भेटलेल्या अबोल माणसाबद्दल तुकडी असे गृहीत धरते की त्याचा स्वभावच तसा असावा. एकट्या भिडूच्या बाबतीत खरा धोका आहे तो येथे.

या धोक्याला पुष्टी देणारा एक अभ्यास पर्वतीय वैद्यकात सुपरिचित आहे. काठमांडूत अनेक वर्षे काम केलेले डॉक्टर डेव्हिड श्लिम यांनी एका सहकाऱ्यासह १९८७ ते १९९१ या काळातील नेपाळमधील पदभ्रमण करणाऱ्यांच्या मृत्यूंची कारणे तपासली आणि १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या काळी एकूण पदभ्रमण करणाऱ्यांपैकी सुमारे ४० टक्के लोक आयोजित तुकड्यांतून जात होते, पण उंचीच्या आजाराने झालेल्या मृत्यूंपैकी ८० टक्के मृत्यू मात्र अशा तुकड्यांतील सदस्यांचे होते. मृत्यूंची संख्या मुळात लहान असल्यामुळे या टक्केवारीवरून फार मोठी विधाने करणे योग्य होणार नाही, तरीही तिचे कारण समजण्यास अवघड नाही. स्वतंत्रपणे चालणाऱ्याचे डोके दुखू लागले की तो तेथेच थांबतो, कारण त्याच्यामुळे कोणाची वाट अडत नसते. तुकडीतल्या माणसापुढे मात्र परतीच्या विमानाची तारीख, भरलेले पैसे आणि आपल्यामुळे बाकीच्यांचा खोळंबा होईल ही भीती असते. जो एकटा आला आहे त्याला ही भीती अधिक वाटते, कारण परक्यांकडे सवलत मागणे त्याला जड जाते, आणि आपल्याला परत उतरावे लागले तर सोबत कोण येणार हा प्रश्न त्याच्यापुढे अनुत्तरित असतो.

तुकडीतील मनोव्यापाराचा आणखी एक पैलू हिमस्खलनांच्या अभ्यासातून पुढे आला आहे. इयान मॅकॅमन यांनी अमेरिकेतील ७१५ हिमस्खलन अपघातांची छाननी करून असे दाखवले, की धोक्याची चिन्हे समोर दिसत असतानाही माणसे काही ठरावीक मानसिक सापळ्यांमुळे पुढे जातात. इतरांच्या नजरेत कमी पडू नये ही इच्छा, एकदा ठरवलेले तडीस नेण्याचा हट्ट आणि अनुभवी समजल्या जाणाऱ्या व्यक्तीवर डोळे झाकून विश्वास हे त्यांतील प्रमुख सापळे होत. ऑक्टोबर २०१४ मध्ये हुदहुद चक्रीवादळाच्या अवशेषांतून अन्नपूर्णा परिसरात अवेळी हिमवृष्टी झाली आणि ५,४१६ मीटरांवरील थोरोंग ला या खिंडीच्या आसपास व शेजारच्या भागांत मिळून चाळीसहून अधिक माणसे दगावली. अशा हवेत पुढच्याच्या पावलांमागे पावले टाकत जाणे म्हणजे निर्णय दुसऱ्यावर सोपवणे होय, आणि तो दुसराही कदाचित आपल्या पुढच्याकडेच पाहत चाललेला असतो. तुकडीत माणसे जास्त म्हणून डोळे जास्त, ही समजूत अशा वेळी फोल ठरते.

यावर उपाय आहे आणि तो खर्चिकही नाही. चांगला गाईड पहिले दोन दिवस केवळ चालण्यासाठी वापरत नाही. तो प्रत्येकाशी स्वतंत्रपणे बोलतो, पूर्वी कोणती उंची गाठली होती आणि तेव्हा काय त्रास झाला होता ते विचारतो, नियमित औषधे व जुने आजार टिपून घेतो, आणि कोणाची नेहमीची चाल व भूक कशी आहे याकडे लक्ष ठेवतो. पुढे सकाळ-संध्याकाळ विचारपूस करताना तो सर्वांसमोर ‘सगळे ठीक ना?’ असे विचारत नाही, कारण त्या प्रश्नाला घोळक्यात नकार देणे कठीण असते. एकट्या सदस्याची जोडी तो एका जबाबदार सदस्याशी लावून देतो आणि त्या दोघांनी खोलीत, जेवणात व वाटेवर एकमेकांवर लक्ष ठेवावे असे स्पष्ट सांगतो. चालण्याचा क्रम असा ठेवतो की सर्वांत सावकाश चालणारा पुढच्या भागात येतो आणि सर्वांच्या मागे अनुभवी सहायक गाईड राहतो. भाषेचाही विचार करावा लागतो, कारण छातीत नेमके काय होते आहे हे पुष्कळांना आपल्याच बोलीत सांगता येते. म्हणून तुकडीत दुसरा मराठी किंवा निदान हिंदी बोलणारा असेल, तर एकट्या मराठी माणसाला त्याच्या जोडीला देणे शहाणपणाचे ठरते.

एकट्या प्रवाशाचीही काही कर्तव्ये आहेत. आपला वैद्यकीय इतिहास दडवू नये, डोकेदुखी पहिल्याच तासात गाईडच्या कानावर घालावी, उंचीवर घेण्याची औषधे निघण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने ठरवावीत, विम्यात हेलिकॉप्टरने सुटका अंतर्भूत आहे का ते तपासावे आणि परतीच्या तिकिटात दोन-तीन दिवसांची मोकळीक ठेवावी. हिमालयन रेस्क्यू असोसिएशन ही १९७३ मध्ये स्थापन झालेली संस्था खुंबूतील फेरिचे आणि अन्नपूर्णा परिसरातील मनांग येथे हंगामात वैद्यकीय केंद्रे चालवते, आणि तेथील डॉक्टर उंचीच्या आजारावर प्रवाशांसाठी व्याख्यानही देतात. त्या व्याख्यानाला संपूर्ण तुकडीने बसावे, म्हणजे लक्षणांविषयी बोलणे ही कोणा एकाची तक्रार न राहता सर्वांची सवय होते.

या विचारातून भरियांना वगळणे अन्याय्य होईल. पुष्कळ भरिया मधल्या डोंगराळ पट्ट्यातील गावांतून मजुरीसाठी आलेले असतात, त्यांचे शरीरही उंचीला सरावलेले नसते, आणि कपाळावरच्या नाम्लो नावाच्या पट्ट्याने ओझे पेलत चालणारा हा माणूस मजुरी बुडेल या धास्तीने आजार अंगावर काढतो. तुकडीत त्याचे नावही कित्येकांना माहीत नसते. भरियांना पुरेसे कपडे, निवारा आणि प्रवाशांइतकेच औषधोपचार मिळावेत यासाठी १९९७ मध्ये ‘इंटरनॅशनल पोर्टर प्रोटेक्शन ग्रुप’ स्थापन झाला. ज्या तुकडीत संध्याकाळची विचारपूस भरियांपर्यंत पोहोचते, त्या तुकडीत एकट्या प्रवाशाकडेही दुर्लक्ष होत नाही, कारण दोन्ही ठिकाणी लागणारी वृत्ती एकच असते.

नेपाळ सरकारने १ एप्रिल २०२३ पासून अनेक मार्गांवर परदेशी प्रवाशांना परवानाधारक गाईड सोबत घेणे बंधनकारक केले, आणि त्यामुळे एकट्याने निघालेल्यांचा तयार तुकड्यांकडे ओढा वाढणे स्वाभाविक आहे. अशा वेळी नाव नोंदवण्यापूर्वी आयोजकाला दर आणि सोयी यांच्याआधी तीन प्रश्न विचारले पाहिजेत : वेळापत्रकात राखीव दिवस किती आहेत, गाईड व सहायक मिळून किती जण आहेत, आणि एका सदस्याला मध्यरात्री खाली उतरवावे लागले तर त्याच्यासोबत कोण जाईल व उरलेल्यांना कोण सांभाळील. या तिन्ही प्रश्नांना सरळ उत्तरे देणारा आयोजक तुकडीचे मर्म जाणतो. ज्याला ती देता येत नाहीत, त्याच्या तुकडीत वीस माणसे असली तरी एकटा आलेला प्रवासी तेथे एकटाच राहतो; आणि ज्याने ती आधीच ठरवून ठेवली आहेत, त्याच्या चार जणांच्या तुकडीवरही घरच्यांनी निर्धास्तपणे विश्वास ठेवावा.