तिचे पाय

एखादी भेटवस्तू घरात आली आणि तिच्यावरून आठवडाभर धुसफूस चालली, असं तुमच्याकडे कधी झालंय का? आमच्याकडे झालं. आणि वस्तू कुठली, तर एक चित्र!

माझे धाकटे दीर इंजिनियर. मंगोलियात गोबीच्या वाळवंटात, सैनशांद गावाजवळ, भारताच्या मदतीने उभारायच्या तेलशुद्धीकरण कारखान्याची पायाभरणी २०१८ साली झाली. पुढे त्या कामावर भाऊजी दीड वर्ष होते. परत येताना त्यांनी सगळ्यांसाठी उंटाच्या लोकरीचे मोजे आणले आणि "वहिनी, हे खास तुमच्यासाठी," म्हणून एक तैलचित्र माझ्या हाती ठेवले. राजधानी उलानबातरमधल्या एका चित्रकाराकडून घेतलेलं. खाली सही आहे, पण ती रशियन वळणाच्या लिपीत. आम्हाला कुणाला वाचता आली नाही.

चित्र वर्तमानपत्राच्या अर्ध्या पानाएवढं. त्यात एक बॅले नर्तकी आहे. तुम्हाला वाटेल, ती चवड्यांवर उभी राहून गिरकी घेत असेल. छे! ती एका लाकडी बाकावर बसली आहे. पांढरा झगा मांडीवर कसाही गोळा झालेला, एका पायातला बूट काढून खाली टाकलेला, त्याची फीत जमिनीवर लोळते आहे. आणि तो मोकळा पाय दोन्ही हातांत धरून ती खाली वाकून बघते आहे. चेहरा धड दिसतसुद्धा नाही, केसांतला भांग तेवढा दिसतो.

"बाहेरच्या खोलीत लावू या," मी म्हटलं.

"ही?" सासूबाई म्हणाल्या. "बसलीये बघ कशी! आल्यागेल्यासमोर हे लावायचं?"

ह्यांनी नेहमीप्रमाणे दोन्ही बाजू सांभाळल्या. "आतल्या खोलीत लाव की. चित्र ते चित्रच."

पण मला ते लागलं. लग्नाला चौदा वर्षं झाली. बाहेरच्या खोलीतलं घड्याळ, फोटो, पडदे, सगळं माझ्या आधीचं किंवा दुसऱ्या कुणाच्या पसंतीचं. माझ्या नावाने आलेली ही पहिली वस्तू, आणि तिलाही आतली खोली! मी हट्टाला पेटले. शाळेत मी अर्धवेळ शिकवते. मधल्या सुट्टीत पुस्तकं उघडली, भाऊजींना फोन करकरून विचारलं आणि रोज रात्री जेवताना एकेक माहिती ऐकवू लागले.

तुम्हालाही सांगते, कारण ती खरंच ऐकण्यासारखी आहे. मंगोल लोकांचा स्वतःचा एक जुना नाच आहे, बियेलगी नावाचा. लोकर दाबून केलेल्या जाड कापडाच्या गोल तंबूत तो करायचा. तिथे जागा ती किती! म्हणून अर्धवट बसून किंवा चक्क मांडी घालून, मुख्यतः हात नि खांदे हलवून नाचतात, आणि त्या हालचालींत घरातली रोजची कामं दाखवतात. २००९ साली युनेस्कोने तातडीने जपायच्या कलांच्या यादीत हा नाच घेतला. बॅले मात्र तिकडे बाहेरून आला. सोव्हिएत रशियाशी जवळीक होती त्या काळात, १९६३ साली, उलानबातरला ऑपेरा आणि बॅलेचे सरकारी नाट्यगृह सुरू झाले. तैलरंगही त्याच वाटेने आले. त्याआधीचे चित्रकार कापडावर बुद्धाची आणि देवदेवतांची चित्रे काढीत.

आणि ते गुळगुळीत रेशमी बूट! वाटतं, आत लाकूडच असेल. नसतं. कापडाचे आणि कागदाचे थर खळीने चिकटवून पुढचं टोक कडक केलेलं असतं. त्यावर सगळ्या अंगाचा भार. मोठ्या नर्तकीचा एक जोड कधीकधी एका प्रयोगातच निकामी होतो. नव्या जोडाला फिती बहुधा तिच्या तिनेच शिवायच्या. फ्रान्समधल्या देगा नावाच्या चित्रकाराने शंभर-दीडशे वर्षांपूर्वी अशाच जांभया देणाऱ्या, पाय चोळणाऱ्या नर्तकी पुष्कळ रंगवल्या होत्या.

एवढं सगळं सांगून झालं, तरी सासूबाईंचं उत्तर एकच, "असेल." चित्र कपाटाला टेकून जमिनीवरच राहिलं.

मग एका संध्याकाळी मी शाळेतून आले, तर सासूबाई पाटावर बसून भाऊजींनी आणलेले मोजे घालायची खटपट करीत होत्या. मोजा काही टाचेवरून वर सरकेना. "आण इकडे," म्हणून मी खाली बसले आणि पाय हातात घेतला. भेगांमध्ये लोकर अडकत होती. अंगठा आत वळलेला, पोटरीवर निळ्या शिरांचं जाळं.

खरं सांगू? सणावाराला, परीक्षेच्या पेपरांचा गठ्ठा घेऊन निघताना, चौदा वर्षं मी या पायांना हात लावून नमस्कार करत आले. पण पाहिले कधीच नव्हते. तिकडे हजारो मैलांवर एका परक्या माणसाने एका दमलेल्या बाईचे पाय पाहिले, आणि मी त्याचं चित्र कुठे लावायचं यावरून घरात भांडत होते!

मी घमेल्यात कोमट पाणी आणलं, मीठ टाकलं. थोड्या वेळाने पाय कोरडे करून कोकमचं तेल पातळ करून भेगांत भरलं. सासूबाई काही बोलल्या नाहीत. नजर समोर कपाटाकडे. बऱ्याच वेळाने म्हणाल्या, "तिच्या अंगठ्याला फोड आलाय का गं?"

"आला असेल."

"आमच्या वाड्यात पाणी नव्हतं. खालून दोन-दोन हंडे आणायची मी. चप्पल घालून सासऱ्यांसमोरून जायची सोय नव्हती." मग एकदम गप्प झाल्या आणि पाय मागे घेत म्हणाल्या, "पुरे आता. तूही दिवसभर उभी असतेस वर्गात."

दुसऱ्या दिवशी घरी आले तर बाहेरच्या खोलीत खिळा ठोकलेला, चित्र जागेवर! थोडं वाकडं लागलं होतं. मी तसंच राहू दिलं.

आता रोज रात्री कोकमतेलाची वाटी निघते. आधी त्यांच्या टाचा, मग माझ्या. परवा शेजारच्या काकू आल्या होत्या. चित्राकडे बघून नाक मुरडत म्हणाल्या, "ही कोण बाई, अशी बसलेली?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईच म्हणाल्या, "नाचून दमलीये. बसू दे तिला जरा."