चुकण्याची हौस

२०२५ सालचें पदार्थविज्ञानाचें नोबेल पारितोषिक क्लार्क, देव्होरे व मार्टिनिस ह्या त्रयीस मिळालें, तेव्हां आमच्या शास्त्रशाखेच्या मित्रांनीं चर्चेचा फड चांगलाच रंगविला. आम्ही पडलों वाङ्मयाचे अध्यापक. परंतु त्या त्रयीनें १९८४-८५ मध्यें बर्कले येथें केलेल्या प्रयोगांमागील प्रश्न अँथनी लेगेट यांचा होता, आणि हे गृहस्थ मूळचे आमच्याच गोत्रांतले, हें ऐकून आम्हीं कान टवकारले.

१९३८ सालीं लंडनमध्यें जन्मलेले लेगेट ऑक्सफर्डला गेले ते ग्रीक, लॅटिन व तत्त्वज्ञान शिकावयास. ती पदवी पदरांत पडल्यावर त्यांनीं तेथेंच पदार्थविज्ञानाची दुसरी पदवी घेतली. कारण मौजेचें आहे. तत्त्वज्ञानांत उत्तर चूक कीं बरोबर हें ठरविणार कोण? जेथें आपला तर्क निखालस चुकूं शकतो, आणि तरीहि आपण मूर्ख ठरत नाहीं, असा विषय त्यांना हवा होता! आमच्याकडे संस्कृतांत पहिली आलेली एक मुलगी असेंच मागणें घेऊन आली होती. तिला ताऱ्यांचें गणित शिकावयाचें होतें. बारावीला विज्ञान नव्हतें, म्हणून कचेरींतून नियमांचें पुस्तक पुढें सरकविण्यांत आलें. विषय संपला.

लेगेट यांना २००३ सालीं हीलियमच्या अतिप्रवाहितेवरील कार्याबद्दल नोबेल मिळालें. परंतु आम्हांस मोह पडतो तो त्यांच्या १९८० सालच्या प्रश्नाचा. अणूच्या जगांत एकच कण एकाच वेळीं दोन अवस्थांत राहतो, भिंत न ओलांडतां पलीकडे प्रकट होतो. हे चाळे मोठ्या वस्तूंत कां दिसूं नयेत? कीं कोठें तरी पुंजयामिकीचे नियमच संपतात? नुसता वाद न घालतां त्यांनीं परीक्षेची जागाहि दाखविली. अत्यंत थंड केलें असतां कांहीं धातूंतून वीज बिनविरोध वाहते. अशा दोन अतिसंवाहक तुकड्यांमध्यें विद्युद्रोधक पदार्थाचा पातळ पापुद्रा घातला कीं झाला जोसेफसनचा सांधा. ह्या सांध्यांत घर्षणामुळें ती उडी कितपत मंदावेल, ह्याचें गणित त्यांनीं काल्डेरा ह्या आपल्या शिष्यासह १९८१ मध्यें मांडलें. बर्कलेनें कौल दिला: असंख्य इलेक्ट्रॉनांचें सबंध विद्युन्मंडल एखाद्या कणासारखें भिंतीपलीकडे गेलें. पुढें १९९९ सालीं जपानांत नाकामुरा व सहकाऱ्यांनीं असें मंडल आपल्या हुकुमाप्रमाणें दोन अवस्थांत खेळविलें. आणि २०१९ मध्यें गूगलनें अशा ५३ मंडलांच्या संगणकाचा प्रयोग जाहीर केला.

लेगेट यांची स्वतःची शंका मात्र उलटी होती. मोठ्या वस्तूंकडे जातां जातां हे नियम कोठें तरी मोडतील, असें ते उघडपणें म्हणत. आजवरचा प्रत्येक प्रयोग त्यांच्याविरुद्ध गेला, आणि त्या पराभवांवरच संगणकांचे कारखाने उभे राहिले. आमचे मित्र सांगतात, हीं मंडलें अजून लहानच आहेत. लेगेट यांची शंका तपासावयास याहून पुष्कळ मोठीं लागतील.