ऊब

थंडीच्या दिवसांत दह्याला विरजण लावले, की आमच्या घरी ते भांडे जाड पंचात गुंडाळून ठेवतात. ऊब मिळाली की जिवंत वस्तू वाढते, हा धडा मी असा स्वयंपाकघरात शिकलो, आणि साठ वर्षे तो कधी खोटा ठरला नाही. तो खोटा ठरला कामोठ्याच्या आमच्या बैठकीच्या खोलीत, गेल्या एप्रिलात.

त्याचे असे झाले. आमच्या चिरंजीवांनी खाऱ्या पाण्याची एक काचेची पेटी घरात आणली. पनवेलची खाडी उशाला असताना घरात आणखी खारे पाणी कशाला, असे मी विचारले. तो म्हणाला, "बाबा, खाडीच्या चिखलात हे दिसायचं नाही." 'हे' म्हणजे पेटीतल्या दगडांवरची गुलाबी पुटे. मला वाटले, कुणी रंग सांडला आहे. पण ते होते प्रवाळी शेवाळ, म्हणजे चक्क वनस्पती! पाण्यातला चुना घेऊन ती आपल्या पेशींच्या भिंती बांधते. म्हणून नखाला दगडासारखी लागते. प्रत्यक्ष लिनियसने तिच्या जातभाईंना प्राण्यांच्या पंगतीत बसवले होते, तेव्हा माझी काय कथा! समुद्रात ती गवंड्याचे काम करते. पोवळ्यांचे तुटके तुकडे सांधते, आणि पोवळ्यांची पोहणारी पिले पुष्कळदा तिच्याच अंगावर बिऱ्हाड थाटतात.

चिरंजीव नोकरीसाठी बंगळूरला गेले आणि पेटी माझ्या गळ्यात पडली. निघताना त्याने एकच बजावले, "पाणी २५ अंशांवर ठेवा."

शेवाळ वाढे, पण अगदी गोगलगाईच्या चालीने. मला विरजण आठवले. पाणी गार ठेवणाऱ्या यंत्राचा आकडा मी २७ वर नेला. काहीच बिघडले नाही. मग धीर चेपला आणि ३१ केला. त्यात विजेचे बिल वाचवण्याचा विचार मुळीच नव्हता, असे म्हटले तर ते खोटे होईल.

तिसऱ्या आठवड्यात गुलाबी पुटांवर खडूसारखे पांढरे डाग उमटले.

मुलाला फोन करण्याचे धैर्य झाले नाही. मी पुस्तके उघडली. हिशेब साधा होता. उन्हातून अन्न करणे ही शेवाळाची मिळकत आणि श्वासोच्छ्वास हा त्याचा खर्च. पाणी तापते तशी दोन्ही वाढतात. पण एका मर्यादेनंतर मिळकत घसरू लागते आणि खर्च मात्र चढतच राहतो. पेन्शनीत निघालेल्या माणसाला हे फोड करून सांगावे लागत नाही. पुढे रंगद्रव्य नासते आणि उरतो नुसता चुना.

ही मर्यादा प्रत्येक जातीची निराळी. उत्तर अटलांटिकच्या बर्फाळ पाण्यात याचेच एक भावंड शेकडो वर्षे जगते. झाडाच्या खोडासारखी त्याच्या अंगात वर्षावर्षाची वलये असतात, आणि त्यांतल्या मॅग्नेशियमवरून त्या त्या काळी पाणी किती उबदार होते, ते शास्त्रज्ञ वाचतात. मला घाम फुटला. माझ्या एप्रिलची नोंदही आता त्या दगडावर कायमची झाली होती!

मी रोज थोडाथोडा आकडा उतरवत पुन्हा २५ वर आलो. माझ्या हाताशी निदान आकडा होता. सिंधुदुर्ग किल्ल्याजवळ, मालवणच्या समुद्रात पोवळी आहेत. १९८७ साली तिथे सागरी अभयारण्य झाले. समुद्र तापत चालला आहे, आणि त्या पाण्याचा आकडा उतरवायला कोणत्या बापाने उठायचे?

गणपतीच्या सुमारास डागांच्या कडेला गुलाबी रेघ दिसली. मेलेला भाग पुन्हा रंगला नाही. त्याच्यावरून नवे शेवाळ पसरू लागले आहे, गोगलगाईच्याच चालीने. आता मी घाई करीत नाही.

चिरंजीव दिवाळीला येत आहेत. उरलेला मोठा डाग झाकावा म्हणून मी तो दगड भिंतीकडे फिरवून ठेवला होता. आज सकाळी पुन्हा सरळ केला. नाहीतरी हा अंक तो गाडीत वाचणारच!