आवाज कुणाचा?

धडाम्! असा आवाज झाला की तुम्ही काय करता? दचकता, की गॅलरीत धावता?

मी धावणाऱ्यांपैकी. चिंचवडगावात चापेकर चौकाजवळ राहायचं, म्हणजे मिरवणुका आणि फटाके ठरलेलेच. २ मार्च २०२३ ला इथल्या विधानसभा पोटनिवडणुकीचा निकाल लागला. खाली गुलाल उधळला गेला, फटाक्यांच्या माळा कडाडल्या. मी गॅलरीत मजा बघत होतो. मागे वळलो, तर मुंबईहून आलेली मावशी भिंतीला टेकून खाली बसलेली!

"अगं मावशी, फटाके आहेत!"

"कळतंय रे मला. पण कानांना कुठं कळतंय?"

जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत दंगली उसळल्या होत्या. मावशीच्या गल्लीबाहेर तेव्हा गोळीबार झाला होता. दिवे मालवून सगळं घर असंच भिंतीला टेकून बसलं होतं. तीस वर्षं झाली, पण कान काही विसरले नाहीत.

मला आमच्या चौकातले चापेकर बंधू आठवले. २२ जून १८९७ ची रात्र. पुण्याजवळ गणेशखिंडीत गव्हर्नरांच्या बंगल्यावर व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाचा हीरक महोत्सव चालला होता. आतषबाजी, मेजवानी, रोषणाई! आणि पुण्यात? तिथं प्लेगनं घरं ओस पडली होती. प्लेगच्या बंदोबस्तासाठी नेमलेल्या रँडसाहेबाचे सोल्जर घराघरांत शिरून झडत्या घेत, त्याचा संताप धुमसत होता. त्याच रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चिंचवडच्या चापेकरांनी रँडवर गोळी झाडली. एका बाजूला जल्लोष, दुसऱ्या बाजूला दुःख, आणि एकाला दुसऱ्याचं ऐकूच येत नव्हतं!

काही ठिकाणी तर लग्नात नि विजयाच्या मिरवणुकीत खऱ्या बंदुकीनं हवेत बार काढतात. पण दोस्तांनो, वर गेलेली गोळी आकाशात राहत नाही. ती खाली येतेच, आणि कुणाच्या डोक्यावर पडेल ते झाडणाऱ्यालाही ठाऊक नसतं. अशानं माणसं दगावली आहेत. म्हणून २०१९ साली शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली. आनंदाच्या भरात गोळी झाडून दुसऱ्याचा जीव धोक्यात घातला, तर २ वर्षांपर्यंत कैद, १ लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.

फटाका म्हणजे काही गोळी नव्हे, हे खरं. पण मावशीला त्या वेळी ते कोण पटवणार? मी खाली उतरलो. मनात धाकधूक होती. पोरं जोशात, त्यांचा पक्ष जिंकलेला, वर मी रंगाचा बेरंग करणार! "घरात घाबरलेलं माणूस आहे रे," एवढंच म्हणालो.

हातात उदबत्ती धरलेला मुलगा थबकला. "काका, आधी सांगायचं ना!" म्हणाला, आणि माळ उचलून पोरं लांबच्या मोकळ्या जागेत गेली.

'आवाज कुणाचा?' ही आरोळी तुम्हीही मारत असाल. जरूर मारा! पण तो आवाज कुणाच्या कानावर पडतोय, हेही एकदा बघाल ना?